निरंजनचा फोल्डर

तेलीबांध्याच्या ऑफिसात, दूरच्या सर्व्हरवरच्या फायली सांभाळायचा प्रोग्राम मंजिरीनं नव्यानं लिहिला. जुना नुसते आकडे फेकायचा आणि निवृत्तीला आलेल्या वनमालादीदी घाबरायच्या. ‘मले समजेल असं लिही ना, पोट्टी!’ म्हणून आता काहीही करण्याआधी तो साध्या मराठीत विचारायचा, ‘हो की नाही?’

पहिलाच फोल्डर पुसायचा होता तो त्यांच्याच ऑफिसातल्या निरंजनचा. घरी निघताना तो रोज ‘जातो, दीदी’ म्हणायचा आणि दीदी रोज दटावायच्या, ‘जातो नाही, येतो म्हणावं.’ गेल्या वर्षी एका संध्याकाळी दीदी फोनवर होत्या. दटावायचं राहून गेलं. त्याच रात्री उरला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं.

‘निरंजनचा फोल्डर पुसू? हो की नाही?’

दीदींनी डोळे टिपले आणि ‘हो’ टाइप केलं.

पडद्यावर ओळ उमटली, ‘जातो, दीदी.’

मंजिरी गारठली. प्रोग्राममधलं प्रत्येक वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं. हे तिचं नव्हतं.

दीदींच्या तोंडून मात्र सवयीनं निघून गेलं, ‘जातो नाही रे पोट्ट्या, येतो म्हणावं.’

पडद्यावर आणखी एक ओळ उमटली.

‘येऊ, दीदी? हो की नाही?’

मंजिरीनं त्यांचा हात धरायला हात पुढं केला. तोवर दीदींचं बोट ‘ह’वर टेकलं होतं.