डावं पारडं

"कॉलेजातल्या बाईंच्या प्रयोगशाळेतला तराजू परत डावीकडे झुकतोय," फोन ठेवता ठेवता आत्या म्हणाली.

"परत?" पितळी दांडी पुसणारा तिचा भाचा थबकला.

अंगाने किडकिडीत आणि बोलणं मोजूनमापून, म्हणून कारखान्यात सगळे त्याला तोळामासा म्हणत. चाळिशी उलटली तरी नाव बदललं नव्हतं.

"आजोबांच्या काळापासून इथून गेलेला तराजू कधी परत आला नाही. आता माझ्या डोळ्यांदेखत नाक कापलं जाणार," आत्या म्हणाली. "आज शेवटचं बघून ये. नाहीच जमलं तर उचलून आण. घेऊ देत त्यांना दुसऱ्या कंपनीचा. आणि लक्षात आहे ना?"

"तक्रारीचं नाव काढायचं नाही."

ही घरची जुनी रीत. सोनारांचे काटे दुरुस्त करता करता आजोबांनी प्रयोगशाळांसाठी तराजू बनवायला घेतले, तेव्हाच घालून दिलेली. गिऱ्हाईक कुरकुरलं तर हात चालवायचा, तोंड नाही. 'सहज तपासायला आलो' म्हणायचं आणि कामाला लागायचं. त्यांच्यामागे आत्याने लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता कारखाना सांभाळला, आईवेगळ्या या पोराला वाढवलं. विजेवरचे काटे आले, कामगार पांगले. पण काचेच्या पेटीतला, श्वासानेही हलणारा तराजू तिने सोडला नाही.

तोळामासा हत्यारांची पिशवी घेऊन निघाला खरा, पण पाय उचलत नव्हते. तराजू उचलून आणायचा म्हणजे जाणं-येणंच संपलं.

खरं तर त्या तराजूत त्याला कधी काही खोट सापडलीच नव्हती. पहिल्यांदा त्याने खिडकीतल्या वाऱ्याला दोष दिला, मग उन्हाला, मग टेबलाच्या पायाला. गेल्या खेपेला दोष द्यायला काही उरलंच नाही. स्वच्छ पारडं पुन्हा पुसताना त्याच्या मनात आलं, बिघाड नाहीच, तर मग बाई बोलावतात कशाला? आणि त्याचे कान गरम झाले होते.

बाई दारातच होत्या. कानशिलाजवळ एक पांढरी बट, हाताला शाईचा डाग.

"या. सहज तपासायला?"

"हो. सहज."

"तुमच्या कंपनीला परवडतं तरी कसं हे? इतकी विचारपूस तर लोक सासरी दिलेल्या मुलीचीही करत नाहीत."

त्याला हसू आलं. त्याने पेटी उघडली. चिमट्याने एकेक वजन ठेवलं. श्वासाने पारडी हलू नयेत म्हणून दोघेही गप्प झाले. काचेच्या अलीकडे तो, पलीकडे त्या. काटा डुलत डुलत आला आणि अगदी मधोमध थांबला.

"बरोबर आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"बरोबरच असतो."

आता तराजू ठीक आहे म्हटलं तर पिशवी उचलून निघायचं, बिघडलाय म्हटलं तर तराजू उचलून न्यायचा. दोन्हीकडून तोटाच. तोळामासाने आयुष्यात पहिल्यांदा आजोबांची रीत मोडली.

"बाई, यापुढे तराजूची तक्रार करत जाऊ नका. आत्या फार मनाला लावून घेते. तुम्ही नुसतं 'या' म्हणालात, तरी मी येईन."

एवढं बोलून त्याला धाप लागली. काटा पुन्हा थरथरला.

बाईंनी पेटीचं दार अलगद लावलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"या ना. तुम्ही गेलात की मी पुढच्या खेपेची वाटच बघत असते," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण तक्रार कसली? मी कधी फोनच केला नाही. दर वेळी तुमच्या आत्याबाईंचाच येतो. पोरगा बुजरा आहे, म्हणतात, लवकर सोडू नका."