घडावरचा कागद

सोमवारी माझं ऑपरेशन होतं. डॉक्टर "बघू" म्हणाले होते, आणि डॉक्टरांच्या तोंडी मला तो शब्द आवडत नाही. म्हणून शनिवारी सकाळी ह्यांनी मंडईतला द्राक्षांचा गाळा बंद ठेवला, टेम्पोत दोघांच्या सायकली टाकल्या आणि आम्ही नारायणगावचे मळे हिंडायला निघालो.

ह्यांच्या गाळ्याला माल देणाऱ्या राधाबाईंच्या बागेत थांबलो. उन्हानं मणी करपू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक घडाला वर्तमानपत्र गुंडाळलं होतं.

"अख्तरभाभी, उघडून बघा की. आठ दिस झालं कागद बांधून."

मी एक कागद सोडवला. त्यावर सायकलवर बसलेल्या बाईचा फोटो होता. सायकल माझीच होती, हनुवटीवरचा तीळही माझाच. केस मात्र पांढरेशुभ्र.

खाली छापलं होतं, 'वयाच्या ऐंशीव्या वर्षीही'. पुढचं फाटलेलं.

मी बावन्न वर्षांची आहे.

"अहो, हे बघा."

फोटोच्या फाटक्या कडेला दुसऱ्या सायकलचं हँडल होतं आणि त्यावर एक सुरकुतलेला हात. करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

ह्यांनी आपला डावा हात त्या हाताशेजारी ठेवला. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये ह्यांच्या करंगळीचं वरचं पेर तुटलं होतं.