तिसऱ्यानंतर पाचवा

गाडा काही वर येईना.

च्यायी गावातल्या त्या रुग्णालयात पाचव्या मजल्यावरच्या लिफ्टसमोर सगळे ताटकळले होते. सलाइनचा स्टँड धरून त्सेंग आजोबा खुर्चीत बसले होते, कारण गाड्यावरून येणारं औषध त्यांचंच होतं. उपसंचालक शिह साहेबांच्या हातात फोन होता. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर च्युंग-हुई लिफ्टकडे अशा बघत होत्या, की दारालाच लाज वाटावी. आणि यी-रू टॅबवर वाकली होती.

हा गाडा माणूस ढकलत नाही, एआय चालवतो. लिफ्ट बोलावणं, दार उघडणं, वॉर्डला कळवणं, अशी साधनं त्याच्या हाताशी दिलेली. कुठलं साधन काय करतं आणि ते कसं वापरायचं, हे यी-रूने साध्या वाक्यांत लिहून ठेवलं होतं. एआय ते वाचतो आणि तेवढंच जाणतो. आज ती वाक्यं कामाला आली नाहीत तर गाडे परत जाणार होते, आणि त्यांच्यामागोमाग यी-रूची नोकरीही.

"गाड्यावर हिरवी पिशवी ठेवली होतीस ना?" सिस्टरनी विचारलं. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पिशवी ठेवायची, अशी इथली रीत. शिह साहेबसुद्धा आपल्या संगणकावर ठेवतात.

"ठेवली होती."

"तारीख उलटलेली नव्हती ना?"

"नाही हो सिस्टर, ताजी होती."

"मग तुझ्याच लिहिण्यात खोट आहे, पोरी."

खोट सापडली होतीच. यी-रूने टॅब त्यांच्याकडे वळवला. औषधखोलीतून एआयला सांगितलं होतं, तिसऱ्या मजल्यावरून एक मजला वर ने. त्याने तीनात एक मिळवला आणि आलेला आकडा लिफ्टला दिला. असा मजला नाही, लिफ्ट म्हणाली. बिचारा पुन्हा पुन्हा तोच आकडा देत होता.

सिस्टरनी पडद्यावर चटकन हात ठेवला. "झाक ते! पेशंट बसलेत समोर."

इथल्या भाषेत तो आकडा आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ सारखाच, म्हणून रुग्णालयात कोणी त्याचं नाव काढत नाही. पाटीवर तो नाही, लिफ्टच्या बटणांत नाही, आणि यी-रूच्या लिखाणातही नव्हता. ती याच गावात वाढलेली. तिसऱ्यानंतर पाचवा, हे तिलाही कधी कोणी सांगायची गरज पडली नव्हती.

"त्याला हे कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"त्यात सांगायचं काय? शेंबड्या पोरालाही कळतं."

"शेंबडं पोर इथं वाढतं, सिस्टर. हा आज सकाळी आलाय."

"वाद नकोत," शिह साहेब म्हणाले. "सरळ पाच आकडा घाल आणि आण वर. नाहीतर मी खाली माणूस धाडतो, आणि गाडे परत."

"मी पाच घातला तर आज येईल आणि उद्या पुन्हा तिथंच अडेल." यी-रूचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "मला दोन वाक्यं लिहू द्या, साहेब. पण त्यांत तो आकडा येणार, आणि वॉर्डातल्या टॅबवर सगळ्यांना दिसणार."

"माझ्या वॉर्डात नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी आल्यापासून तो शब्द इथं फिरकू दिलेला नाही. आडून काहीतरी लिही. काही मजले वापरात नाहीत, असं."

"कुठले, ते त्याला कसं कळणार?"

खुर्चीतून खोकल्यासारखा आवाज आला. त्सेंग आजोबा हसत होते.

"लिहू द्या तिला," ते म्हणाले. "दाखल झालो त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिन्याने आलो, मोजत मोजत. मी कितव्या मजल्यावर झोपतो ते मला तेव्हापासून ठाऊक आहे, सिस्टर."

सिस्टरनी पडद्यावरचा हात काढून घेतला.

यी-रूने लिहिलं, 'या इमारतीत चौथा मजला नाही. तिसऱ्याच्या वरचा मजला पाचवा.'

लिफ्ट हलली. दार उघडलं आणि हिरवी पिशवी मिरवत गाडा बाहेर आला. शिह साहेबांनी फोन खिशात टाकला. यी-रूला तिथंच नाचावंसं वाटलं.

"थांबव त्याला," सिस्टर म्हणाल्या.

"आता काय झालं?"

"आजोबांच्या खाटेपर्यंत जायचंय ना त्याला? मग खाटांचं कोण लिहिणार?"

त्या टॅबजवळ आल्या. नव्या नर्सेसना कामं सांगताना लावतात तोच आवाज त्यांनी लावला. तो वॉर्डाच्या पार टोकापर्यंत जातो.

"लिही. माझ्या वॉर्डात चौथी खाट नाही."

यी-रूने लिहिलं. गाडा वळला, तिसऱ्या खाटेजवळून न अडखळता पुढे पाचवीकडे गेला. मागून स्टँडची चाकं खडखडली.

"अरे, जरा हळू," आजोबा ओरडले. "मी येतोय ना!"