दवातलं तेल

मूल गावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फरशीवर खडूनं रेघ ओढली आणि नऊ वर्षांच्या बुधरीला तिच्यावरून चालायला सांगितलं. पोरगी सरळ चालली. डोळे मिटूनही सरळच. धानाच्या अरुंद धुऱ्यांवरून, बांधांवरून पळत वाढलेली ती, तिला रेघेचं काय कौतुक! चांद्याहून आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर डोकं खाजवत राहिले.

तिची माय सोमारी दाराशी बसून होती. तीन महिने झाले, पोरगी रोज सकाळी गरगरून पडायची, ओकायची. गावानं मिरगी, म्हणजे फेफरं, ठरवून टाकली होती. जनपदाच्या सरकारी शाळेतले मास्तर म्हणाले होते, मिरगी नाही असा डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर नाव काढतो.

रोज सकाळीच का, याचं डॉक्टरांना भारी नवल वाटलं. पोरगी उठल्यावर काय काय करते, ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. तोंड धुते, कानात तेल घेते, पेज पिते. तेल कशाला? अहो, ते तर चकरेचंच औषध! तापात पहिल्यांदा चक्कर आली तेव्हा वैदूनं सांगितलेलं. जवसाचं तेल रात्रभर अंगणात दवात ठेवायचं, चुलीचा शेक लागू द्यायचा नाही. चक्कर थांबेना म्हणून सोमारीनं एका पळीच्या दोन केल्या होत्या. माय ती, हात आखडता कशाला घेईल?

डॉक्टर हसले नाहीत. कानाचा पडदा शाबूत आहे हे बघून त्यांनी माठातलं गार पाणी पिचकारीनं कानात सोडलं. बुधरीची बुबुळं एका बाजूला झटके देऊ लागली, तिनं टेबल घट्ट धरलं. ते ओसरल्यावर अंगाइतकं कोमट पाणी सोडलं. काही झालं नाही.

“कानात असं गार तेल गेलं की चक्कर येते, बाई. पोरीला मिरगी नाही,” म्हणत त्यांनी कागद लिहिला.

सोमारीनं कागदाला हात लावला नाही.

“माह्या कानात टाका,” ती म्हणाली. “मले पाहू द्या.”

डॉक्टर नको म्हणाले, पण ऐकते कोण? शेवटी तिचाही कान तपासून त्यांनी गार पाणी सोडलं. भिंत फिरू लागली. सोमारीनं डोळे गच्च मिटले, तिचा हात चाचपडू लागला. बुधरीनं तो धरला.

“डोये नको मिटू, माय. भिंतीतल्या त्या खिळ्याकडं पाह्यत राय,” ती म्हणाली. “थांबते. रोज थांबते.”