निराळं रक्त

एकोणीसशे अडतीस साल. शेलूबाजारजवळच्या मळ्यात कारली तोडणीला आली होती, उद्या बाजार होता. पन्नाशीतल्या गोजराबाईच्या लघवीतून रक्त गेलेलं सासूनं पाहिलं आणि तिला बांधावरच अडवलं. “बाहेर बस. तुह्या विटाळानं वेल जळतीन.” “विटाळ बंद होऊन सात वर्सं झाली, आत्याबाई. हे रक्त निराळं.” तिनं सासूचा हात ओढून आपल्या कुशीवर दाबला. “लागल्या गाठी? वाशीमचा डॉक्टर म्हने, गुर्द्यातली गाठ फुटली का लघवीतून रक्त येते. बापाकडून आलेलं दुखनं.” “रक्त ते रक्तच!” “माह्या बापालेही असंच रक्त जाये, अन् तो महादेवाची पूजा करे. त्याले कोनी बाहेर बसवलं? त्याच्या हातचं तीर्थ तुमीच पेल्या!” सासू बांधावरून बाजूला सरली. गोजराबाई वेलांत शिरली आणि पहिलं कारलं तिनं सासूच्याच पदरात टाकलं. म्हातारीनं ते झटकलं नाही.