रायफलीचं वजन

अर्धी टेकडी चढून झाली तरी दीनानाथांना धाप लागली नव्हती. ते स्वतःवरच खूश झाले. गेल्या वर्षी याच मोहाच्या झाडाखाली ते मटकन बसले होते, आणि "आज वारा उलटा आहे" असं सांगून परत फिरले होते. वारा बिचारा त्या दिवशी पडलेलाच होता.

पुढे चालणारा उकंडा थांबला. "द्या मले साहेब, मी घेतो थोडा वेळ."

"लायसन माझ्या नावाचं आहे, उकंडा. तुझ्या हातात रायफल कोणी पाहिली तर दोघंही आत जाऊ."

उकंडाने मान हलवली. हेच बोलणं गेल्या वर्षीही याच जागी झालं होतं. तेव्हा रायफल खरंच जड होती. दीनानाथांच्या वडिलांच्या वेळची, विलायती, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, रानगवाही एका गोळीत लोळेल अशी. डुकरासाठी एवढी तोफ कशाला, म्हणून लोक हसायचे. पण पाटबंधारे खात्यात नोकरी करता करता दीनानाथांनी दिग्रसपासून पुसदपर्यंत कितीतरी शेतं तिच्यावर राखली होती. डुकरं मारायची वनखात्याची परवानगी निघाली, की माणसं यवतमाळला त्यांच्याच दारात यायची. निवृत्तीनंतरही यायची. दीनानाथांना ते फार आवडायचं.

गेल्या वर्षी ते परत फिरले आणि या टेकडीवरचा सुळेवाला डुक्कर जगला. यंदा दिवाळीनंतर त्याने उकंडाच्या बायकोला, पंचफुलाला, कपाशीच्या ओळीत गाठलं. मांडी फाडली. ती वाचली, पण आता पाय ओढत चालते. दवाखान्यात तिला बघून आल्यावर दीनानाथांच्या घशाखाली घास उतरला नाही. दोष कुठेतरी ठेवणं भाग होतं. त्यांनी तो रायफलीच्या वजनावर ठेवला.

मग ते रायफल घेऊन नागपूरला बंदुका दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे गेले. अक्रोडाचा दस्ता गेला, फायबरचा आला. पोलादी दुर्बीण उतरली. नळी आखूड झाली. चामड्याचा पट्टा जाऊन नायलॉनचा आला.

"आता बस करा सर. आणखी हलकी केली तर जागेवर ठरणार नाही," कारागीर म्हणाला.

"टेकडी मला चढायची आहे, तुम्हाला नाही," दीनानाथ म्हणाले. आणखी थोडं वजन काढायला लावूनच ते उठले.

घरी आल्यावर त्यांनी ती एका हाताने उचलून बायकोला दाखवली. सुनीतीने कौतुक केलं, आणि हल्ली देते तसा अर्धाच कप चहा पुढे ठेवला. शुगर काठावर आहे, असं तिचं म्हणणं. दीनानाथ रोज कुरकुर करायचे. त्या अर्ध्या कपात साखर मात्र पूर्वीसारखीच भरपूर असते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा दोघं माथ्यावर होते. खाली उकंडाची कपाशी पांढरी दिसत होती. डुक्कर शेतात चरून याच घळीने वर येतो, असं उकंडा म्हणाला होता. दीनानाथांनी एका दगडावर रायफल टेकवली आणि घळीकडे नजर लावून बसले.

डुक्कर घळीतून आलाच नाही. डावीकडच्या घाणेरीच्या झुडपातून निघाला, आणि अंगण ओलांडावं तेवढ्या अंतरावर उभा राहिला. आता दगडाचा उपयोग नव्हता. दीनानाथ हळूच उठले, वळले, रायफल खांद्याला लावली.

नळीचं टोक हलू लागलं.

त्यांनी श्वास रोखला. हलतच राहिलं. मूठ घट्ट केली तर जास्तच हललं. टोकापुढे कधी डुकराची मान येई, कधी गवत, कधी नुसतंच आभाळ. त्यांनी कसाबसा चाप ओढला.

गोळी दगडावर लागली. हलक्या दस्त्याने खांद्यात असा दणका दिला की ते खालीच बसले. डुक्कर वळला, घळीत शिरला आणि कपाशीच्या दिशेने उतरून गेला.

दीनानाथांनी दोन्ही हात समोर धरले. थरथरत होते. ही थरथर आजची नव्हती. जुनी जड रायफल इतकी वर्षं ती थरथर दाबून धरत आली होती, आणि ते वजन त्यांनी हौसेने उतरवून टाकलं होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं.

"परवानगी केव्हापर्यंत आहे?" त्यांनी विचारलं.

"आजच्याच दिस." उकंडा दगडावर बसला. "उद्यापासून कापूस येचाले लागते. पंचफुला आयकत नाही, येतोच म्हनते."

 मग उकंडाने पंचफुलाने दिलेला थर्मास काढला आणि दोन पेले मांडले. स्वतःचा पेला त्याने काठोकाठ भरला. दुसरा अर्धाच भरून दीनानाथांपुढे धरला.

दीनानाथ त्या पेल्याकडे बघत राहिले. त्यांना सुनीतीचा कप आठवला. त्यातली साखरही आठवली.

"अर्धाच का रे?"

उकंडाने मान खाली घातली. "पुरा सांडते ना साहेब तुमच्या हातून. मांगच्या साली पाह्यलं होतं मी."

"पाहिलं होतंस, तर मग मला कशाला बोलावलं?"

उकंडा खाली कपाशीकडे बघत म्हणाला, "लायसनवाला दुसरा कोन हाये जी आमाले?"