वन्समोअर

महामारीनंतर नाट्यगृहं पुन्हा उघडली होती. सगळ्या खुर्च्या भरायला परवानगी मिळाली होती, फक्त प्रेक्षकांनी तोंड उघडायचं नव्हतं. छतातलं यंत्र सभागृहातला श्वास मोजायचं आणि कुणी मोठ्यानं हसलं-ओरडलं की पडदा आपोआप पडायचा. मग नाट्यगृहाला महिनाभर टाळं.

"शालनताई, आज जरा बेतानं गा," विंगेत व्यवस्थापक बापू गवंडी हात जोडून म्हणाले. "तुमची ती शेवटची तान घेतलीत, तर लोकांना राहवणार नाही."

"म्हणजे वाईट गाऊ?"

"बरं गा. फार चांगलं नको."

शालन तारळेकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महामारीची सगळी वर्षं त्या घरातल्या भिंतींना पदं ऐकवत होत्या, ते काय असं मिळमिळीत गाण्यासाठी?

त्या रंगमंचावर गेल्या आणि पद असं काही रंगवलं की ऑर्गनवालासुद्धा मान डोलवायला लागला. शेवटची तान समेवर आली. प्रेक्षकांनी तोंडं गच्च मिटून धरली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका म्हातारबुवांचा खणखणीत आवाज आला, "वन्समोअर!"

लाल दिवा लागला. पडदा धाडकन खाली आला.

"संपलं सगळं," बापूंनी कपाळावर हात मारला.

"संपतंय कसलं? वन्समोअर आला की नाही म्हणायचं नसतं, बापू."

शालनताईंनी पदर खोचला, पडदा बाजूला सारला आणि त्या थेट प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऑर्गन, पहिल्यापासून!"

आता पाडायला यंत्राकडे दुसरा पडदा नव्हता.